पिल्लू उंबऱ्याबाहेर गेलंच नव्हतं, मग पार्वो घरात आला कुठून?

कोल्हापुरातल्याच एका ताईंचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: ३८ दिवसांचं लॅब्रॅडॉरचं पिल्लू घरी आणलं. ४५व्या दिवशी पहिली लस टोचली, कार्डावर स्टिकर आहे. दुसरा डोस ६६व्या दिवशी होता. ६०व्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, तेव्हा दही-भात भरवला. दुसऱ्या दिवशी रक्ताची हगवण लागली आणि सलाईन लावूनही चौथ्या दिवशी पिल्लू गेलं. पहिल्या दिवशी पार्वोची, म्हणजे पिल्लांच्या जीवघेण्या हगवणीच्या विषाणूची, तपासणी किट निगेटिव्ह आली होती, दुसऱ्या दिवशी पॉझिटिव्ह. पिल्लाला घराबाहेर एकदाही काढलं नव्हतं. घरातला पाच वर्षांचा देशी कुत्रा मात्र ठणठणीत आहे. पिल्लाला परड्यात पेरूखाली पुरलं, तेव्हापासून घर रोज फिनाईलनं पुसतायत. आता तीन आठवडे झालेत आणि मुलगी दुसरं पिल्लू मागतेय. ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात: रोग आला कुठून, लस बोगस होती का, आणि नवं पिल्लू कधी आणायचं.

ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. तीन प्रश्न विचारलेत, पण त्यांच्या तळाशी चौथा दिसतोय, तो तुम्ही लिहिलेला नाही: आमचं काय चुकलं? गेली बावीस वर्षं या शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना चालवतोय, आणि पार्वोनं पिल्लू गेलेल्या प्रत्येक घरातला माणूस शेवटी हाच प्रश्न विचारतो. काही जण दवाखान्याच्या दारात विचारतात, काही जण सहा महिन्यांनी फोन करून. त्याचं उत्तर शेवटपर्यंत ताणत नाही. तुम्ही दोन गोष्टी करायला हव्या होत्या, पण त्या तुम्हाला कुणी सांगितल्याच नव्हत्या. पहिल्या दिवशी दही-भात भरवला म्हणून पिल्लू गेलं, असं अजिबात नाही.

आधी एक सांगून ठेवतो. मी तुमचं पिल्लू पाहिलेलं नाही. रक्ताची हगवण दिसली की पार्वोच, असं डोळे झाकून म्हणता येत नाही. पोटात जंतांचा गोळा असला, खेळण्याचा तुकडा गिळलेला असला, कॉक्सिडिया नावाचा आतड्यातला सूक्ष्म परजीवी असला तरी पिल्लू असंच दिसू शकतं. पण तुमच्याकडे वय, उलटीपासून रक्तापर्यंतचा वेग आणि पॉझिटिव्ह किट या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतायत, तेव्हा पार्वो धरूनच पुढे बोलतो. पहिल्या दिवशीची किट निगेटिव्ह आली म्हणून त्या डॉक्टरांवर रागावू नका. किट शीमधला विषाणू पकडते. अगदी सुरुवातीला तो शीमध्ये पुरेसा उतरलेला नसतो, आणि हगवण पाण्यासारखी झाली की पातळ होऊन निसटतो. माझ्याकडेही असं होतं. लक्षणं बोलत असतील तर मी किटचं न ऐकता सलाईन लावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतो.

आता मुख्य गोष्ट. पार्वो समजून घ्यायचा असेल तर आजारी कुत्रा डोळ्यांसमोर आणू नका, जागा डोळ्यांसमोर आणा. शेजारी खोकलं आणि आपल्याला लागलं, असा हा रोग नाही. हवेतून तो येत नाही. आजारी पिल्लाच्या शीमधून तो बाहेर पडतो, जमिनीवर बसतो आणि वाट बघत राहतो. एक ग्रॅम शीमध्ये विषाणूचे कण कोट्यवधींच्या हिशोबात असतात, आणि कोवळ्या पिल्लाला त्यातले अगदी थोडे पुरतात. शी वाळली, पावसानं धुऊन गेली, नजरेला काही राहिलं नाही, तरी विषाणू तिथं असतो. घरात, कोरड्या फरशीवर तो महिनाभर सहज टिकतो. बाहेर सावलीच्या, ओलसर मातीत कित्येक महिने, कधी वर्षभरही.

इतका चिवट का? कोरोनाच्या दिवसांत आपण सगळे सॅनिटायझरच्या बाटल्या खिशात घालून फिरलो. कोरोनाच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणानं आणि स्पिरिटनं फाटतं, आणि विषाणू मरतो. कुत्र्यांमधल्या डिस्टेंपर या दुसऱ्या जीवघेण्या रोगाच्या विषाणूलाही असंच आवरण असतं. डिस्टेंपर हवेतून, शिंकेतून, नाकाच्या पाण्यातून झपाट्यानं पसरतो खरा, पण या आवरणामुळेच उन्हात आणि साबणात टिकत नाही. पार्वोला हे आवरणच नाही. नुसती प्रथिनांची टणक कवटी आणि आत डीएनएचा छोटासा धागा. फाडायला वर काही नाहीच. त्यामुळे स्पिरिट, सॅनिटायझर, डेटॉल आणि तुमचं फिनाईल, यातलं काहीही त्याच्यावर चालत नाही. फिनाईलचा वास आपल्याला स्वच्छतेचा वाटतो, विषाणूला त्याचं सोयरसुतक नसतं.

हे मला पुस्तकातून माहीत होतं. शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात असताना परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं. पण कळलं ते स्वतःच्या दवाखान्यात, आणि फार वाईट रीतीनं. प्रॅक्टिस सुरू करून दुसरं वर्ष असेल. सकाळी एक पार्वोचं पिल्लू येऊन गेलं. टेबल, वजनकाटा मी स्पिरिटच्या बोळ्यानं चकाचक पुसला. दुपारी एक डॉबरमनचं पिल्लू पहिल्या लसीला आलं, त्याच काट्यावर बसलं, त्याच टेबलावर लस टोचून घेतली आणि जाताना टेबल चाटलं. सहा दिवसांनी ते उलट्या करत परत आलं. त्याच टेबलावरून लागलं हे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही, पण माझ्या मनात शंका नाही. ते पिल्लू वाचलं, म्हणून आज हे लिहायला तोंड आहे. तेव्हापासून माझ्याकडे शिस्त अशी की उलटी-हगवण म्हणून फोन आला, तर पिल्लू आत आणायचं नाही, रिक्षातच थांबायचं. मी बाहेर जाऊन बघतो. काही लोकांना हा अपमान वाटतो, डॉक्टर रस्त्यावर तपासतोय म्हणून. वाटू दे.

आता तुमच्या घरात तो आला कसा. माझ्या अंदाजानं दोन वाटा शक्य आहेत, आणि दोन्ही तुमच्याच पत्रात आहेत.

पहिली वाट तुमचा देशी कुत्रा. तुम्ही लिहिलंय, तो ठणठणीत आहे, म्हणजे रोग बाहेरून आलेला नसणार. उलट आहे, ताई. पाच वर्षांच्या गल्लीत वाढलेल्या कुत्र्यानं लहानपणी कधीतरी पार्वो पाहिलेला असतो. त्याच्या अंगात प्रतिकारशक्ती पक्की असते, त्यामुळे त्याला काही होत नाही. पण तो दिवसातून चार वेळा बाहेर जातो, गल्लीतल्या पिल्लांनी घाण केलेल्या मातीवर बसतो, आणि घरी येऊन पिल्लाशेजारी लोळतो. पंजे, केस, शेपटी, सगळ्याला विषाणू चिकटून येतो. काही मोठे कुत्रे स्वतः आजारी न पडता थोडे दिवस शीमधून विषाणू टाकतातही. यात त्या बिचाऱ्याचा दोष काय? पण पिल्लू बाहेर गेलं नाही म्हणून सुरक्षित होतं, हा हिशोब तिथेच कोलमडतो.

दुसरी वाट चप्पल. तुम्ही लिहिलंय की घरातले सगळे पहाटे रंकाळ्यावर फिरायला जातात. रंकाळ्याच्या कडेच्या गवतात रोज किती कुत्री शी करून जातात बघा कधीतरी. आपण त्यावर पाय ठेवतो, पाय झटकून पुढे येतो, आणि चप्पल थेट सोप्यात, जिथे पिल्लाचं गोणपाट अंथरलेलं असतं. त्यातून कुठल्याही लॅब्रॅडॉरच्या पिल्लाला चप्पल चघळायचं वेड. पायातलं कातडी पायताण पिल्लाच्या तोंडात, याहून सरळ रस्ता विषाणूला कुठला हवा? आपल्या कोल्हापुरी चपलेचं तर आणखी एक दुखणं आहे: ती धुता येत नाही. रबराची स्लीपर ब्लीचच्या पाण्यात बुडवता येते, कातडी चप्पल बुडवली तर वाया जाते. माझा सल्ला, घरात चार महिन्यांच्या आतलं पिल्लू असेल तेव्हा कोल्हापुरी पायताण बाहेरच्या कट्ट्यावर, उन्हात आणि पिल्लाच्या तोंडापासून लांब.

यात ऋतूचाही हात आहे. गल्लीतल्या कुत्र्या पावसाळ्याच्या अखेरीला आणि त्यानंतर मोठ्या प्रमाणात वितात. ती पिल्लं दीड-दोन महिन्यांची होतात ती दिवाळीच्या आगेमागे. लस कुणालाच नसते. मग एका वेतात पार्वो शिरला की चार-पाच पिल्लं गल्लीभर घाण करत फिरतात. दिवाळी संपली की माझ्या दवाखान्यात पार्वोची रांग लागते, दरवर्षी. तुमचं पिल्लू नेमकं त्याच दिवसांत घरात आलं.

आता लसीकडे वळतो, कारण तुमचा खरा राग तिथे आहे. बोगस होती का? शक्यता शून्य म्हणणार नाही. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते. कुठे वाहतुकीत, कुठे लाईट गेल्यावर ती तापली, तर बाटलीवरचं स्टिकर तसंच राहतं आणि आतला जीव जातो. पण माझ्या अनुभवात, पहिल्या डोसनंतर दोन आठवड्यांत पार्वो झालेल्या बहुतेक पिल्लांची लस चांगलीच होती. आड आली ती आईची शिदोरी.

जन्मल्यावर पहिल्या दिवसात पिल्लू आईचं चिकाचं दूध पितं, त्यातून आईच्या प्रतिपिंडांची, म्हणजे अँटीबॉडीजची, शिदोरी त्याला मिळते. ही शिदोरी पिल्लू स्वतः वाढवू शकत नाही, ती फक्त संपत जाते. पार्वोच्या बाबतीत साधारण दर दहा दिवसांनी ती निम्मी होते. समजा एखाद्या पिल्लाकडे सुरुवातीला ३२० भाग शिदोरी आहे. दहा दिवसांनी १६०, वीस दिवसांनी ८०, तीस दिवसांनी ४०, चाळीस दिवसांनी २०, पन्नास दिवसांनी १०. आता गंमत बघा, गंमत म्हणायचं खरं तर जिवावर येतं. खऱ्या रस्त्यावरच्या विषाणूला रोखायला साधारण ८० भाग लागतात असं धरा. म्हणजे विसाव्या दिवसानंतर हे पिल्लू उघडं पडलं. पण लसीतला विषाणू मुद्दाम दुबळा केलेला असतो, त्याला मारायला २० भागही पुरतात. म्हणजे चाळिसाव्या दिवसापर्यंत लस टोचली तरी आईच्या प्रतिपिंडांनी ती आल्या पावली गारद केली. मधले वीस दिवस पिल्लू दोन्हीकडून उपाशी: रोग अडत नाही आणि लस लागत नाही. हे आकडे मी समजावण्यापुरते सोपे केलेत, प्रत्येक पिल्लाचे वेगळे असतात. ज्याला आईकडून भरपूर मिळालं, त्याची ही फट उशिरा, अगदी तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतही, उघडते. ज्याला चीकच नीट मिळाला नाही, त्याची महिन्याच्या आतच.

प्रत्येक पिल्लाची शिदोरी मोजत बसता येत नाही. म्हणून आम्ही अंदाजानं पुन्हा पुन्हा टोचतो: सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास सुरुवात, मग दर दोन ते चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या आत कधीच नाही. लोकांना वाटतं, एक लस म्हणजे थोडं संरक्षण, दोन म्हणजे जास्त, तीन म्हणजे पूर्ण. तसं नसतं. पिल्लाच्या अंगात लस लागते ती बहुधा एकदाच, शिदोरी संपल्यावरचा जो पहिला डोस मिळेल तो. आधीचे डोस हे दार उघडलंय का बघण्यासाठी ठोठावणं आहे. तुमच्या पिल्लाचं दार ४५व्या दिवशी बहुधा बंद होतं. ६६व्या दिवशी कदाचित उघडलं असतं. त्याआधीच, ५३ ते ५७च्या दरम्यान कधीतरी, विषाणू पोटात गेला. कारण पोटात गेल्यापासून लक्षणं दिसायला साधारण तीन ते सात दिवस लागतात. ६०मधून तेवढे मागे मोजा.

म्हणून मी वर ज्या दोन गोष्टी म्हणालो त्या या. एक, पिल्लू ३८व्या दिवशी आणायला नको होतं. खरं तर २०१७ च्या केंद्राच्या कुत्रे पैदास नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. पण आपल्याकडे महिनाभराचं गुबगुबीत पिल्लू बास्केटमध्ये घालून देणारे देतात आणि घेणारे घेतात, आणि त्याचं वय विकणाऱ्यानं सांगितलेलं तेच. आणि दुसरी, पहिली लस झाल्यावर पिल्लू सुरक्षित झालं असं धरायला नको होतं. हे सांगायचं काम तुमचं नव्हतं, टोचणाऱ्याचं होतं. मीही घाईच्या दिवशी हे सांगायला चुकलोय, म्हणून आता लसीच्या कार्डाच्या पाठीमागे पेनानं लिहूनच देतो: सोळा आठवड्यांपर्यंत जमिनीवर सोडू नका, बाहेरची चप्पल आत नको.

पोटात नेमकं होतं काय, तेही सांगतो, कारण सलाईन लावूनसुद्धा पिल्लू का गेलं हे तुमच्या मनात असणार. आपल्याकडे भाताला आधी तरवा टाकतात. तरव्यातून रोपं येतात, ती शेतात लावतात. आतड्याचा आतला थर असाच आहे. वरच्या पेशी अन्न शोषतात, झिजतात, तीन-चार दिवसांत गळून जातात, आणि तळातल्या खोबणींमधून नव्या पेशी वर येऊन त्यांची जागा घेतात. पार्वोला झपाट्यानं वाढणाऱ्या पेशीच लागतात, म्हणून तो थेट तरव्यावर हल्ला करतो. वरचं पीक दोन दिवस तसंच उभं दिसतं, पिल्लू थोडं मरगळतं, दूध सोडतं, आपण म्हणतो दात येत असतील. मग वरचा थर गळायला लागतो आणि खाली लावायला रोप शिल्लक नसतं. आतडं आतून सोलल्यासारखं होतं. तिथून रक्त येतं, पाणी जातं, आणि आतड्यातले जिवाणू रक्तात शिरतात. त्याच वेळी विषाणूनं हाडांच्या मगजातला तरवाही मारलेला असतो, म्हणजे जिवाणूंशी लढायच्या पांढऱ्या पेशीही उरत नाहीत. पिल्लू विषाणूनं मरतं असं म्हणण्यापेक्षा ते पाणी, साखर, पोटॅशियम संपून आणि रक्तात जिवाणू पसरून मरतं.

म्हणून पार्वोच्या विषाणूवर गोळी नसली तरी उपचार वाया नसतो. शिरेतून सलाईन, उलटी थांबवायचं औषध, अँटिबायोटिक, ऊब, आणि उलटी आटोक्यात आली की चमच्यानं थोडं थोडं अन्न. यावर पिल्लाला चार-पाच दिवस धरून ठेवलं की तरवा पुन्हा उगवतो. उपचाराविना बहुतेक पिल्लं जातात, वेळेवर नीट उपचार मिळाले तर बहुतेक वाचतात, इतका फरक आहे. पण तुमचं दोन महिन्यांचं, पहिल्या दिवशी किट निगेटिव्ह आल्यानं एक दिवस हातचा गेलेला. अशी काही पिल्लं सगळं करूनही जातात. डाळिंबाची साल, हळदीचं दूध, बेलाचा रस पाजणारेही माझ्याकडे येतात. त्यानं थेट अपाय होतो असं नाही, पण उलटी होणाऱ्या पिल्लाच्या घशात काही ओतलं की ते फुप्फुसात जाऊ शकतं, आणि दिवस हातातून निसटतो. माणसांची जुलाब बांधायची गोळी मात्र कधीच देऊ नका.

आता घर. फिनाईल बंद करा. दुकानात सोडियम हायपोक्लोराईट मिळतं, कोरोनात सगळ्यांच्या ओळखीचं झालं ते. घरगुती ब्लीच साधारण ५ टक्क्यांचं असतं. त्याचा एक भाग आणि पाण्याचे तीस भाग. म्हणजे पंधरा लिटरच्या बादलीत अर्धा लिटर. डब्यावर १० टक्के लिहिलेलं असेल तर त्याच्या निम्मं. पण त्याआधी फरशी साबणानं घासून, धुऊन घ्यायची. ही पायरी लोक टाळतात आणि सगळं फुकट जातं, कारण ब्लीच घाण, माती, शेण दिसेल त्यावर खर्च होतं आणि विषाणूपर्यंत पोचतच नाही. धुतलेल्या फरशीवर ब्लीचचं पाणी पसरायचं आणि दहा मिनिटं ओलं ठेवायचं. घड्याळ लावून दहा मिनिटं. लगेच कोरडं पुसलं तर काही उपयोग नाही. तुमच्याकडे शहाबादी फरशी असेल तर सांध्यांमधल्या भेगांवर जास्त लक्ष द्या, तिथेच सगळं साठतं. पाणी रोज नवं बनवा, कालचं उरलेलं ब्लीच आज नुसतं पाणी असतं. आणि खिडक्या उघड्या ठेवा; संडास धुवायच्या ॲसिडमध्ये किंवा फिनाईलमध्ये हे मिसळू नका, ॲसिडशी मिसळलं की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

पिल्लाचं गोणपाट, चादर, चघळायची खेळणी, पट्टा, प्लॅस्टिकचा ओरखडे पडलेला वाडगा, हे सगळं काढून टाका. स्टीलचं भांडं राहू दे, ते ब्लीचमध्ये दहा मिनिटं बुडवून धुता येतं. गालिचा, सोफा ब्लीच करता येत नाही. ते कडक उन्हात दोन-चार दिवस टाका आणि वेळ जाऊ द्या.

परड्याचं मात्र अवघड आहे. मातीवर ब्लीच ओतून काही होत नाही, ते मातीतच खर्च होतं, पेरूही मरेल. तिथे काम करतं ऊन आणि वेळ. मोरीचं पाणी परड्यात सोडत असाल तर ते आधी बंद करा, जमीन कोरडी राहू दे. पालापाचोळा काढा, फांद्या थोड्या छाटा, ऊन जमिनीपर्यंत उतरू दे. डिसेंबरच्या मवाळ उन्हात जे होणार नाही ते एप्रिल-मेमध्ये होईल.

आता तारखेवर येतो, मुलगी त्याचीच वाट बघत असेल. हे तुम्ही कुठलं पिल्लू आणता यावर आहे. साडेचार महिन्यांच्या पुढचं, सोळा आठवड्यांनंतरचा शेवटचा डोस होऊन दोन आठवडे उलटलेलं पिल्लू आणणार असाल, तर घर वर सांगितल्याप्रमाणे धुऊन घ्या आणि महिनाभरात आणा. त्याच्यासाठी तुमचं घर धोक्याचं नाही. असं मोठं पिल्लू लळा लावत नाही असं लोक म्हणतात, मला ते कधीच पटलेलं नाही. माझ्या घरी आत्ता जी कारवानी कुत्री आहे ती सात महिन्यांची असताना आली, आणि ती माझ्यापेक्षा बायकोचं जास्त ऐकते.

दोन महिन्यांचं गोंडस पिल्लूच हवं असेल, तर उन्हाळा पूर्ण जाऊ द्या. मे संपेपर्यंत थांबा. त्यातही पिल्लू आठ आठवड्यांच्या आतलं नको, आईची लस झालेली होती का हे विचारून घ्या, आणि सोळा आठवड्यांपर्यंत त्याला परड्यात सोडू नका. घरातल्या एकाच खोलीत ठेवा, ती खोली रोज ब्लीचनं पुसून घ्या.

देशी कुत्र्याला एकदा साध्या शाम्पूनं चोळून अंघोळ घाला, पंजे आणि शेपटीखालचे केस नीट धुवा, आणि त्याची लस अर्धवट असेल तर मोठ्या कुत्र्याचा डोस आणि रेबीज दोन्ही करून घ्या. माणसाला हा पार्वो होत नाही, मुलगी पिल्लाला कुशीत घेऊन झोपली होती म्हणून तिची काळजी करू नका. माणसांमध्ये पार्वो नावाचा वेगळा विषाणू असतो, त्याचा कुत्र्याशी संबंध नाही. आणि हा कुत्र्यांचा पार्वो काही आपल्या आज्यापणज्यांच्या काळापासूनचा नाही. १९७८ च्या सुमारास तो जगभर एकदम दिसला, मांजरांच्या पॅनल्युकोपेनिया या रोगाच्या विषाणूशी त्याचं जवळचं नातं आहे. भारतात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या नोंदी झाल्या. जुने शिकारी कुत्रे पाळणारे कधीकधी मला म्हणतात, आमच्या वडिलांच्या वेळी असलं काही नव्हतं. खरंच नव्हतं.

गल्लीत आत्ता पिल्लं असतील तर घराच्या पायरीवर त्यांना खायला घालणं थोडे महिने थांबवा, घालायचंच तर चौकाच्या पलीकडे घाला. त्यांच्या आईला पकडून लस देता आली तर पुढच्या वेतातल्या पिल्लांना शिदोरी मिळेल. हे गल्लीतल्या चार घरांनी मिळून करता येतं, आमच्या पेठेत एका तालमीच्या पोरांनी दोन वर्षं केलंय. खर्च वर्गणीतून काढला, आणि पकडायला मी लागलोच नाही.

मुलीनं पेरूखाली दगड मांडून कुंकू लावलंय असं लिहिलंत. राहू दे ते तसंच, तिला रोज जाऊ दे तिथे. फक्त तिच्यासाठी रबराच्या स्लीपरची एक वेगळी जोडी परड्याच्या दाराबाहेर ठेवा, आणि ती जोडी आत येऊ देऊ नका.